शंभर अनोळखी गिऱ्हाईकं

लोकांना वाटतं, माझा फोन सारखा 'मेमरी फुल' दाखवतो तो रील्समुळे. अहो, कुठलं काय! अर्धी मेमरी कुसुमकाकूंच्या व्हॉइस मेसेजांनी खाल्लीय. मी डिलीट करायला बसते, एक ऐकते, हसते, दुसरा ऐकते, पुन्हा हसते, आणि तासाभरानं पाहावं तर डिलीट काहीच झालेलं नसतं. म्हणून म्हटलं, एकदाचं सांगूनच टाकावं. निदान फोन तरी मोकळा होईल!

मी पल्लवी. छत्तीसगडात, भिलाईत, छोट्या दुकानांची सोशल मीडियाची कामं करते. एक ब्युटी पार्लर आहे, एक मोबाइलवाला आहे, मोहन नगरचा एक टेलर आहे. सगळे माझं गुपचूप ऐकतात. एकच दुकान ऐकत नाही, आणि माझं नशीब असं की त्याच दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे.

दुकान लांजेवारांचं. वामनकाका इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी सेफ्टी विभागात. प्लांटचं सेक्टरातलं क्वार्टर सोडलं, कोहक्यात घर बांधलं, आणि पुढच्या खोलीत काकूंनी सांबारवडीचं दुकान टाकलं. कोथिंबिरीचं सारण भरलेली, खमंग तळलेली आमची वैदर्भीय वडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून नवीन माणूस पहिल्यांदा हमखास विचारतो, "और इडली?"

यांचा एकुलता एक मुलगा नीलेश पुण्यात आयटीत. त्याचं एकच पालुपद, दुकान बंद करा आणि पुण्याला या. काकू म्हणायच्या, "अरे, एवढे गिऱ्हाईक आहेत न माह्याकडे!" दसऱ्याच्या दिवशी तो फोनवर चिडलाच. म्हणाला, "आई, ते गिऱ्हाईक नाहीत, तुझे नातेवाईक आहेत! तुला वाईट वाटू नये म्हणून घेतात. चल, पैज लाव. अक्षय्य तृतीयेपर्यंत शंभर अनोळखी माणसं तुझी वडी घेऊन गेली, तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाही गेली, तर दोन बॅगा भरायच्या आणि माझ्यासोबत यायचं."

"लागली पैज!" काकू म्हणाल्या. फोन ठेवला आणि माडीकडे तोंड करून ओरडल्या, "पल्लवीऽऽ, खाली ये वं! तुह्या त्या इंस्टाग्रामचं काम पडलं!"

*

काकांनी दुसऱ्याच दिवशी दुकानात काळा फळा टांगला. प्लांटमध्ये 'अपघाताविना इतके दिवस' असा बोर्ड असतो ना, अगदी तसा. वर पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत: 'अनोळखी गिऱ्हाईक, आजपर्यंत'. खाली खडूनं शून्य. शेजारी दोरीला डस्टर. मी म्हटलं, "काका, डस्टर कशाला? आकडा तर वाढतच जाणार."

"राहू दे," काका म्हणाले. "मी हिला चाळीस वर्षांपासून ओळखतो."

पहिलं गिऱ्हाईक आलं. हेल्मेट घातलेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग, चांगला अनोळखी मुलगा! काकांनी खडूनं एक लिहिला. काकूंनी पुडी बांधता बांधता विचारलं, "कुठले जी तुमी?"

"स्मृति नगर."

"तसं नाही. गावचे कुठले?"

"आजोबा तुमसरचे होते."

"तुमसर! तुमसरात कोण?"

झालं! तीन मिनिटांत काकूंच्या जावेची शाळेतली मैत्रीण ही त्या मुलाची सख्खी मावशी निघाली. पोरानं हेल्मेट काढलं, वाकून पाया पडला, दोन वड्या जास्तीच्या घेऊन गेला. काका शांतपणे उठले, डस्टर घेतलं, एकचा पुन्हा शून्य केला.

"नीलेशची आई, एक गेला."

"गेला कुठं? आत्ता तं पाया पडून गेला!"

"म्हणूनच गेला. ओळख निघाली की तो अनोळखी राहत नाही. नियम म्हंजे नियम."

पंधरा दिवसांत अठ्ठावीस माणसं आली. फळ्यावर आकडा पाच. ते पाचही कानाला फोन लावून आले आणि कानाला फोन लावूनच गेले, म्हणून वाचले! मी चिडून कढईच्या वर कागद चिकटवला: 'कुठले? असं विचारायचं नाही!' काकूंनी तो नीट वाचला, मान हलवली. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या, तर काकू अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आई कुठली जी तुमची?"

*

मग मी काकूंना रील काढायला बसवलं. म्हटलं, "काकू, नीट ऐका. लोक फक्त तीन सेकंद थांबतात. पहिल्या तीन सेकंदांत वडी दिसली पाहिजे, कुरकुर आवाज आला पाहिजे. बस!"

"हौ," काकू म्हणाल्या.

कॅमेरा सुरू. काकूंनी पदर सारखा केला. चष्मा पुसला. "नमस्कार! मी कुसुम लांजेवार. सर्वे बरे आहेत न? जेवलं का? घरी सासूबाईंची तब्येत कशी आहे?"

"काकू, कट! वडी कुठंय?"

"अवं, घरात पाऊल टाकल्या टाकल्या कोणी कोणाच्या हातात वडी देते का? आधी पाणी इचारते मानूस!"

अकरा वेळा काढलं. शेवटी रील झाला चार मिनिटांचा आणि त्यात वडी दिसते शेवटचे सहा सेकंद. मी डोक्याला हात लावून अपलोड केला. रात्री पाहिलं, तर खाली बावीस कॉमेंट. बावीसही जणांनी आपापल्या सासूबाईंची तब्येत कळवली होती!

आणि हो, सगळे नातेवाईक.

*

जाहिरात 'बूस्ट' करायचं काम काकांनी मागून घेतलं. "सिस्टीमचं काम आहे, मले जमते," म्हणाले. आठवडा झाला, एक नवं माणूस नाही. मी फोन उघडून पाहिला, तर काकांनी जाहिरात दाखवायची हद्द ठेवली होती घरापासून एक किलोमीटर!

"काका, हे काय करून राहिले तुम्ही? भिलाई-दुर्ग-रायपूर धरा ना!"

"नाही. एक किलोमीटरच्या पुढं वडी गरम पोहचत नाही. मी चालून पाहिलं, थर्मामीटर घेऊन."

म्हणजे आठ दिवस ती जाहिरात त्याच गल्लीतल्या त्याच लोकांना दिसत होती, जे रोज तसेही ओट्यावर येऊन बसतात! सगळ्यांत जास्त वेळा कोणाला दिसली असेल? काकूंना! आणि प्रत्येक वेळी त्यांनी बदाम दाबला होता.

"चांगली जाहिरात आहे वं," मला म्हणाल्या, "मलेच वडी खावीशी वाटली."

*

इथं एक किस्सा सांगते, तो हसण्याचा नाही. पण तो नाही सांगितला तर बाकीच्यांना अर्थ नाही.

नीलेश 'या शनिवारी येतो बहुतेक' असं म्हणायचा. दिवाळीत त्याचं काहीतरी रिलीज होतं. मग क्लायंट आला. मग तब्येत. काकू दर शनिवारी पहिल्या घाण्यातल्या चार वड्या स्टीलच्या डब्यात बाजूला ठेवायच्या. त्याला चारच लागतात, लहानपणापासून. रविवारी सकाळी त्या चार वड्या कामवाल्या दुलारीबाईला मिळायच्या.

संक्रांतीला त्याचा फोन आला. फळ्यावर एकोणीस. "आई, राहू दे आता. सामान आवरायला घे," म्हणाला. काकू 'हौ हौ' करत राहिल्या. फोन ठेवला, आणि तिळाच्या ताटासमोर बसून एकदम रडायलाच लागल्या. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"पल्लवी, मले इथं भाजी आणाले दीड तास लागते," त्या म्हणाल्या. "कावून? दहा जणी थांबवतात. तिथं पुण्यात दहा मिनिटांत होईन. मंग उरलेल्या दिवसाचं मी काय करू वं? तिथं मी कोणाले कुठले म्हणून इचारू?"

काका खिडकीपाशी उभे होते. ते वळले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी जाहिरातीची हद्द पंचवीस किलोमीटर केली आणि मला म्हणाले, "गरम-थंड पाहू मागाहून."

*

आमचं नशीब उघडलं ते दुलारीबाईमुळे. ती दिवाळीनंतर कामाला लागलेली, जवळच्याच गावाहून सायकलनं येते, छत्तीसगढी सोडून एक शब्द बोलत नाही. मी एक दिवस वडीचा 'प्रोफेशनल' व्हिडिओ काढत होते. केळीचं पान, पितळी ताटली, बाजूला मोगरा, वरून लाइट. वीस मिनिटं झाली. दुलारीबाई हात पुसत आली, कॅमेऱ्याच्या मधोमध उभी राहिली आणि माझ्यावरच डाफरली, "कतका फोटू खींचबे नोनी? जुड़ा जाही! खा ना!"

म्हणजे किती फोटो काढशील पोरी, थंड होऊन जाईल ना! एवढं बोलून तिनं ताटलीतली वडी उचलली, मोडली आणि अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. कुर्रर्र!

तोच तुकडा मी तसाच टाकला. तीन सेकंदांत वडी, आवाज, सगळं! दुसऱ्या दिवशी दुपारपासून दुकानासमोर माणसं. दुर्गची, चरोद्याची, एक जोडपं तर रायपूरहून. येणारा प्रत्येक जण दारातून ओरडायचा, "जुड़ा जाही!" आणि सगळे हसायचे. काका खडू घेऊन नुसते उभे. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस...

गर्दीमुळे काकूंना कुणाला 'कुठले' विचारायला वेळच मिळेना. संध्याकाळी हिरमुसल्या होत्या. "धंदा झाला वं," म्हणाल्या, "पण कोणाशी बोलणंच नाही झालं."

दुलारीबाईला मी म्हटलं, "मौसी, तुम्ही आता स्टार!" ती म्हणाली, "हव. फेर बरतन कोन मांजही?" आणि भांडी घासायला निघून गेली.

*

एकदा दुसऱ्या घाण्यात मीठ जास्त पडलं. असं झालं तर काय करायचं? गप्प बसायचं! मी काकांना तीनदा बजावलं, "पेजवर एक अक्षर टाकायचं नाही." आणि जेवायला वर गेले. जेवून फोन पाहते तर दुकानाच्या पेजवर पोस्ट! चक्क प्लांटच्या घटना-अहवालाच्या नमुन्यात!

'घटना: दुसऱ्या घाण्यात मीठ जास्त. वेळ: दुपारी सव्वाबारा. कारण: ऑपरेटर फोनवर होती. उपाययोजना: फोन पिठाच्या डब्यावर, हात पोहोचणार नाही असा ठेवला. बाधित व्यक्ती: सहा. त्यांनी उद्या यावे, नवीन वडी मोफत.'

मी तरातरा खाली गेले. "काका, जगात कुणी स्वतःच्या दुकानाची अशी बदनामी करतं का?"

"चौतीस वर्षं हेच केलं," ते म्हणाले. "लपवलेली चूक पुन्हा होते."

काकू वेगळ्याच गोष्टीवर पेटल्या होत्या. "ऑपरेटर? मी ऑपरेटर? चाळीस वर्षं संसार केला अन् मी ऑपरेटर?"

ती पोस्ट माझ्या सगळ्या रील्सपेक्षा जास्त फिरली! 'इतका खरा दुकानदार पाहिला नाही' म्हणून लोक एकमेकांना पाठवत होते. दुसऱ्या दिवशी मोफत वडी घ्यायला सहा बाधित यायचे होते. आले चौदा!

काकूंनी चौदाही जणांना वडी दिली. गेल्यावर काका उठले आणि फळ्यावर आठ वाढवले.

"काका, हे आठ तर खोटं बोलून फुकट घेऊन गेले!"

"म्हणूनच लिहिले," काका म्हणाले. "ओळखीचा मानूस असं करत नाही."

*

सांबारवडी टिकत नाही, म्हणून कुरिअरनं वाळवलेल्या मूगवड्या पाठवायला लागलो, तेव्हा मला वाटलं, आता तरी काकूंचं तोंड बंद राहील. बंगळूरची एक ऑर्डर आली, नाव दक्षिणी, पत्ता दक्षिणी. शंभर टक्के अनोळखी! फळ्यावर ब्याऐंशी. चार दिवसांनी खाली येऊन पाहते तर एक्क्याऐंशी.

"काकू! काय केलं?"

"काई नाही वं. पार्सल पोहचलं का म्हणून फक्त फोन केला."

"मग?"

"मंग तिची सासू गोंदियाची निघाली. त्यात माही काय चूक?"

मूगवड्या पोहोचायला चार दिवस लागले होते, आणि नातं पोहोचायला चार मिनिटं! काका डस्टर झटकत मला म्हणाले, "आता हिचा फोन पिठाच्या डब्यावर नाही, डब्यात ठेवावा लागते."

*

असं करत करत अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे तिला अक्ती म्हणतात. नेमका शनिवार होता, आणि तिन्हीसांजेला फळ्यावर नव्व्याण्णव होते.

गल्लीतल्या पोरींनी अक्तीच्या रिवाजाप्रमाणे बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं होतं आणि वऱ्हाडाचं जेवण अर्थातच काकूंकडून. सगळ्या वड्या त्या वऱ्हाडात संपल्या, आणि वऱ्हाडातलं एकही माणूस अनोळखी नाही! मी रडकुंडीला आले होते. "काकू, निदान आज तरी ओळखीच्यांना कमी द्यायच्या होत्या!"

"लग्नघरी कोणी मोजून वाढते का?" काकू म्हणाल्या आणि कढई उतरवायला आत गेल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी कोपऱ्यात मोबाइल धरून बसले होते. म्हटलं, एक शेवटची लाइव्ह करू, कुणी तरी येईल. काका स्टुलावर बसून नुसते फळ्याकडे पाहत होते. मग तेही पाणी प्यायला आत गेले. काउंटरवर उरली दुलारीबाई.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. डोक्यावर टोपी, दाढी वाढलेली, दोन्ही हातांत दोन मोठ्या, नव्याकोऱ्या, रिकाम्या बॅगा. मी त्याला सेक्टरातल्या शाळेपासून ओळखते. मी तोंड उघडणार, तर त्यानं मला डोळ्यानं गप्प बसवलं. फळ्याकडे पाहिलं. मग दुलारीबाईला म्हणाला, "मौसी, चार वडी दे दो."

दुलारीबाईनं याला कधी पाहिलंच नव्हतं. "खतम होगे," ती म्हणाली.

"वो डिब्बे में तो हैं।" डब्याचं झाकण जरा उघडं होतं.

तिनं झटकन झाकण लावलं आणि डबा आपल्याकडे ओढला. "वो बेचे के नो हे. वो बेटा बर आय."

विकायच्या नाहीत. त्या मुलासाठी आहेत.

"वो आता है क्या, बेटा?" यानं विचारलं.

"नई आवय," दुलारीबाई म्हणाली. "फेर माई हर रोज सनिच्चर के रखथे."

येत नाही तो, पण आई दर शनिवारी ठेवते. त्यानं बॅगा खाली ठेवल्या. लाइव्हचं बटण दाबायचंही मी विसरले.

काका पडदा सारून बाहेर आले. थबकले. त्याच्याकडे पाहिलं, मग बॅगांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तो पाया पडायला वाकणार, तर काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"दुलारी, डबा दे दो इनको," ते म्हणाले. "गिऱ्हाईक आहेत."

मग फळ्याजवळ गेले. डस्टरनं नव्व्याण्णव पुसले आणि सावकाश, सुबक अक्षरांत शंभर लिहिले.

"बाबा..." तो म्हणाला.

"सात महिन्यांत या मानसाले मी दुकानात पाहिलं नाही," काका आमच्याकडे पाहत म्हणाले. "नियमात बसते."

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या, पिठाचे हात तसेच. दारातच उभ्या राहिल्या. मुलाला पाहिलं, फळ्यावरचे शंभर पाहिले, नवऱ्याच्या हातातला खडू पाहिला. डोळ्यांतून पाणी घळघळ वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. काउंटरपाशी आल्या, डब्यातल्या चार वड्या कागदात नीट बांधल्या, पुडी पुढं केली आणि विचारलं,

"कुठले जी तुमी?"

"भिलाईचा," तो म्हणाला.

"भिलाईत कोणाचे?"

"बस!" काका डस्टर पाठीमागे लपवत ओरडले. "पुढं एक शब्द इचारू नको! ओळख निघाली तं नंबर कमी होऊन जाईन!"